आगोटीला नेमकं किती भरायचं? आणि गव्हात टाकायच्या गोळ्यांचं काय?

पहिल्या_मजल्यावरची · ९ मे २०२५, रात्री १०.५०

नमस्कार. मी मूळची नाशिकची. लग्नाला दोन वर्षं झाली, गेल्या नोव्हेंबरपासून आम्ही चिपळुणात भाड्याने राहतो. दोन खोल्या, पहिला मजला, पुढे छोटी बाल्कनी. घरात मी, नवरा (लोट्याला कंपनीत आहे), सासरे आणि चौदा महिन्यांची मुलगी. सासऱ्यांना मधुमेह आहे.

दोन दिवस झाले, व्हॉट्सॲपवर सारखं येतंय की पाकिस्तानशी युद्ध पेटणार, तीन महिन्यांचं रेशन भरून ठेवा, तेल आणि मीठ आधी संपेल. आज संध्याकाळी नाक्यावरच्या दुकानात गेले तर बाहेर रस्त्यापर्यंत माणसं. मला काही सुचलं नाही. समोरचा जे मागत होता तेच मीही मागितलं. दहा किलो मीठ, पंधरा किलोचा तेलाचा डबा, दहा किलो रवा, पाच किलो साबुदाणा. एकट्या डब्याचेच तेवीसशे रुपये गेले. घरी आल्यावर लक्षात आलं की तूरडाळ राहिलीच, आणि मुलीसाठीही काही घेतलं नाही.

नवरा रागावला नाही, पण गप्प बसला. पगारातले आता सात हजार उरलेत आणि महिना अख्खा जायचाय.

शेजारच्या वहिनी म्हणतात, युद्ध होवो न होवो, इथे आगोट भरावीच लागते. आमच्याकडे गहू आणि डाळ वर्षाची भरतात, पण आगोट हा शब्द मी इथेच ऐकला. चार माणसांना पावसाळ्यासाठी नेमकं काय आणि किती भरायचं? दोन खोल्यांत ठेवायचं कुठे? वहिनींनी गव्हाच्या कोठीत टाकायला गोळ्यांची एक सीलबंद नळीही दिली आहे. त्यांच्या माहेरी शेतावर वापरतात म्हणे, एक टाकली की वर्षभर कीड नाही. चाळीस किलो गहू नाशिकहून वडिलांनी पाठवलाय, उद्या भरणार आहे. टाकू का?

किराणा_तिसरी_पिढी · १० मे २०२५, सकाळी ६.४०

ताई, बाकी सगळं नंतर. गोळी टाकू नका. नळी उघडूही नका.

गव्हात टाकायची ती गोळी बहुतेक ॲल्युमिनियम फॉस्फाईडची असते, लोक तिला सल्फास म्हणतात. हवेतल्या दमटपणाने तिच्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. गोदामात शिकलेली माणसं ती ताडपत्रीखाली वापरतात, गोदाम बंद ठेवतात आणि नंतर हवा खेळवून मगच आत जातात. राहत्या घरात तिचं काही काम नाही. दोन खोल्या, दार लावून झोपायचं, आणि घरात चौदा महिन्यांचं लेकरू. या विषावर उतारा नाही. धान्यातल्या गोळीच्या वायूने झोपेतच माणसं गेल्याच्या बातम्या दरवर्षी कुठून ना कुठून येतात.

नळी कोरड्या डब्यात घालून खोलीच्या बाहेर, मुलीच्या हाताला लागणार नाही अशा उंच जागी ठेवा. पाण्यात टाकू नका, कचऱ्यात टाकू नका. आज शनिवार आहे. सोमवारी तालुका कृषी कार्यालयात न्या, नाहीतर जिथून आणली त्या कृषी सेवा केंद्राला परत करा. वहिनींच्या कोठीत ती आधीच पडली असेल तर आत्ता जाऊन दार ठोठवा. खिडक्या-दारं उघडून सगळ्यांनी बाहेर यायचं, गोळी हाताने शोधत बसायचं नाही. कुणाला मळमळ, चक्कर, छातीत जड वाटत असेल तर थेट दवाखाना, आणि धान्यात गोळी होती हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं.

आता तुटवड्याचं. माझं दुकान कराडला आहे, तुमच्याकडचा बराच माल कुंभार्ली घाटाने आमच्याच बाजूने उतरतो. माल आहे. काल केंद्राच्या अन्न आणि ग्राहक व्यवहार मंत्र्यांनीही जाहीर सांगितलं की साठा भरपूर आहे आणि साठेबाजी केली तर अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली कारवाई होईल. पण छोट्या दुकानात चार-पाच दिवसांचाच माल असतो. सगळ्यांनी एका संध्याकाळी तिप्पट घेतलं की फळी रिकामी दिसते, आणि रिकामी फळी बघून उरलेले धावतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीच्या चौथ्या दिवशी मीठ संपल्याची अफवा उठली आणि उत्तरेत कुठे कुठे मीठ किलोला दोनशे-चारशे रुपयांनी गेलं. समुद्राला लागून असलेल्या आपल्या देशात. २४ मार्च २०२० ला रात्री आठला टाळेबंदीची घोषणा झाली, साडेआठला माझ्या दुकानासमोर दोनशे माणसं होती.

त्या रात्रीची एकच गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ऊसतोडीचं एक जोडपं नेहमी रात्री नऊच्या सुमाराला यायचं. दिवसाचे पैसे हातात आले की अर्धा पाव तेल, एक किलो पीठ, एवढंच घ्यायचे. त्या दिवशी ते आले तेव्हा मी तेल विकून बसलो होतो. डबेच्या डबे नेणाऱ्यांना मी नाही म्हणू शकलो असतो. तेव्हापासून असा दिवस आला की मी पन्नास छोट्या पिशव्या गल्ल्याखाली बाजूला ठेवतो आणि त्या रात्रीच काढतो.

तेलाचा डबा फोडला नसेल तर दुकानदाराला परत घ्यायला सांगा. मी असतो तर घेतला असता.

वाशिष्ठीकाठ · ११ मे २०२५, दुपारी ३.१५

बाळा, तुझा प्रश्न परवा रात्रीच वाचला, पण डोळ्यांमुळे मोबाइलवर लिहायला मला वेळ लागतो. काल संध्याकाळी गोळीबार थांबल्याची बातमी आली, तेव्हा आता शांतपणे वाच. गोळीबद्दल वर सांगितलंय ते अक्षर न् अक्षर ऐक.

मी चिपळुणातच, पेठमापात, अडतीस वर्षं संसार केला. आगोट म्हणजे मृगाच्या आधी घर भरणं. पूर्वी पाऊस लागला की होड्या बंद, ओढे भरले की वाटा बंद, ऊन दिसायचं थेट गणपतीत. मासेमारी आजही १ जून ते ३१ जुलै बंद असते, म्हणून सुकट, बोंबील, सोडे मेमध्येच घ्यायचे. आमच्याकडे यादी कुणी कागदावर लिहीत नसे. तांदूळ, कडवे वाल, कुळीथ, जाडं मीठ, चिंचेचे गोळे, आमसुलं, आंबोशी, मिठातल्या कैऱ्या, पोह्याचे पापड, सांडगी मिरच्या, वर्षाचा मसाला, आढ्याला टांगलेल्या कांद्याच्या माळा, मातीत पुरलेल्या फणसाच्या आठळ्या. आजीच्या घरी भाताच्या मुड्या असायच्या, पेंढ्यात बांधलेल्या, आणि शेणाने सारवलेली कणगी. हे सगळं एका संध्याकाळी येत नसे. फाल्गुनात मिरची, चैत्रात चिंच, वैशाखात आमसुलं, असं जे ज्या महिन्यात पिकायचं ते त्या महिन्यात भरायचं. घाबरायला वेळच नसायचा.

मीसुद्धा अशीच भरत आले आणि २२ जुलै २०२१ ला एका सकाळीत सगळं गेलं. आदल्या रात्रीपासून पाऊस धो धो होता, समुद्राला भरती, वाशिष्ठीचं पाणी खाली उतरेना. पहाटे अंगणात घोट्याएवढं होतं ते उजाडेपर्यंत माजघरात आलं. मी साठीची, हे गुडघ्यांनी अधू. दोघांनी मिळून देव आणि औषधांची पिशवी उचलली आणि समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर गेलो. खिडकीतून माझ्या घराचं दार दिसत होतं, मग दाराची चौकट दिसेना, मग फक्त कौलं. आत चाळीस किलो तांदूळ होता, तीस किलो गहू, सात किलो मसाला, तीन बरण्या लोणचं.

त्या वरच्या घरात आम्ही अकरा माणसं होतो, चार घरांची. वीज नाही, फोन नाही, नळाला पाणी नाही. त्यांच्याकडे पाचेक किलो तांदूळ होता आणि अर्धा सिलिंडर. माझ्या पिशवीत कुळथाच्या पिठाचा एक डबा आला होता. तो मी का उचलला ते मला आजही सांगता येत नाही, कदाचित औषधांच्या फळीवरच होता म्हणून. दोन दिवस आम्ही मऊभात आणि कुळथाची पिठी खाल्ली. पावसाचं पाणी पातेल्यात धरून उकळून प्यायलो. एक बाळ होतं, तुझ्या मुलीपेक्षा थोडं लहान. त्याचं पावडरचं दूध दुसऱ्या दिवशी संपलं आणि त्याची आई भाताची पेज चमच्याने भरवताना रडत होती. तिचा चेहरा आठवला म्हणून तुला एवढं लिहितेय.

पाणी ओसरल्यावर घर उघडलं. तांदूळ फुगून त्याने कोठीचं झाकण वर ढकललेलं. पुढच्या चार दिवसांत वास असा की शेजारच्या गल्लीत येत होता. लोणच्याच्या बरण्या बाहेरून धडधाकट दिसत होत्या. हे म्हणाले, धुऊन घेऊ. मी टाकल्या. त्या पाण्यात गटार, रॉकेल, मेलेली जनावरं सगळं होतं. पुराचं पाणी लागलेलं धान्य, पीठ, मसाला, फिरकीच्या झाकणाची बरणी, काही म्हणजे काही ठेवायचं नाही, कितीही जीव तुटला तरी. वाचलं ते फक्त माळ्यावरचं. पोहे, आमसुलं, दोन किलो वाल.

मुंबई-गोवा रस्त्यावरचा वाशिष्ठीचा पूल खचला होता, परशुराम घाटात दरडी. तरीही तिसऱ्या दिवसापासून कुठून कुठून गाड्या येऊ लागल्या, आणि नंतर धान्य इतकं आलं की ठेवायला कोरडी जागा नव्हती. म्हणून सांगते, तुला तीन महिन्यांच्या तुटवड्याची भीती बाळगायची गरज नाही. आपल्या गावात खरी अडचण येते ती पहिल्या तीन-चार दिवसांची. त्यासाठी वेगळं बांधून ठेव आणि आगोट वेगळी भर.

आधी ते चार दिवसांचं. झाकणाची एक प्लॅस्टिकची बादली घे. त्यात दोन किलो पोहे, चुरमुरे, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, मेतकूट, कुळीथ पीठ, गूळ. सासऱ्यांना गूळ-खजूर नको, त्यांच्यासाठी फुटाणे जास्त ठेव, आणि त्यांची पंधरा दिवसांची औषधं चिठ्ठीसह दुहेरी पिशवीत. इन्सुलिन घेत असतील तर ते थंड कसं ठेवायचं हे आधीच डॉक्टरांना विचार. मुलीचं दूध पावडर, नाचणी सत्त्व, वाटी-चमचा. मेणबत्ती, काडेपेटी, पाणी शुद्ध करायचे थेंब. वीस लिटरचे दोन कॅन जूनपासून कायम भरलेले, आठवड्याने बदलायचे. बादली कडी धरून एका हाताने उचलता आली पाहिजे, कारण दुसऱ्या हातावर मुलगी असेल.

आता आगोट. तुम्हा तिघा मोठ्यांना महिन्याला तांदूळ बारा-पंधरा किलो लागेल. दोन महिन्यांचा, म्हणजे तीस किलो पुरे, दुकानं इथेच आहेत. गहू चाळीस किलो आलाय, तो चार महिने जाईल, आणखी घेऊ नको. तूरडाळ पाच किलो, मूगडाळ दोन, वाल दोन, कुळीथ दोन. कांदे दहा किलो, टोपलीत मोकळे, बटाट्यांपासून लांब. रवा दहा किलो फार झाला बाळा, दमट हवेत त्यात जाळी धरते. चार किलो कोरडा भाजून हवाबंद कर, बाकी शेजारी वाटून टाक किंवा विक. साबुदाणा टिकेल.

गव्हाला आत्ताच दोन दिवस कडक ऊन दे. दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. पण उन्हातून उचलून थेट कोठीत घालू नको, रात्रभर पसरून गार होऊ दे, नाहीतर आत घाम सुटतो आणि तिथूनच कीड. मग दहा किलोला पाव वाटी एरंडेल हाताला लावून चोळ. डाळीला किलोमागे अर्धा चमचा पुरतं. कडुलिंबाचा पाला सावलीत सुकवून थरांत घाल. पूर्वी आम्ही बिब्बे घालायचो, पण ते अंगावर उततात, घरात रांगतं मूल असताना नको. तांदळाला ऊन दाखवू नको, त्याची कणी होते.

पहिला मजला म्हणून निर्धास्त राहू नको. तुझी इमारत कुठे आहे मला माहीत नाही, २१ साली बाजारपेठेत पाणी कुठवर होतं ते जुन्या शेजाऱ्यांना विचार. नदीतला गाळ काढलाय, तरी मी आता काहीच जमिनीवर ठेवत नाही. आणि सगळं एका घरातही ठेवत नाही. माझे पंधरा किलो तांदूळ आजही त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी असतात, त्यांची शिलाई मशीन उन्हाळ्यात माझ्याकडे असते.

डॅलसहून · १२ मे २०२५, सकाळी ९.०५

पहिल्या_मजल्यावरची, तुझी चूक अजिबात वेगळी नाही. २० जुलै २०२३ ला भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि दुसऱ्या दिवशी इथल्या देशी दुकानात सोना मसुरीसाठी रांगा लागल्या. मी नवऱ्याला कामावरून बोलावून दोन गाड्यांनी वीस-वीस पौंडांच्या सहा पिशव्या आणल्या. आम्ही दोघंच. त्या गॅरेजमध्ये ठेवल्या, आणि टेक्सासच्या उन्हाळ्यात गॅरेज म्हणजे भट्टी. नोव्हेंबरमध्ये चार पिशव्यांत टोके झाले. तांदूळ तोपर्यंत दुकानात पुन्हा मिळत होता. आता मी घरात एक पिशवी चालू आणि एक बंद, एवढीच ठेवते. रवा आणि बेसन आणल्या आणल्या आठवडाभर फ्रीजरमध्ये घालते, अंडी असली तरी मरतात.

घाटावरची · १२ मे २०२५, रात्री ८.३०

आम्ही बार्शीकडचे. आमच्या जुन्या वाड्यात ज्वारीचं पेव होतं, म्हणजे जमिनीखालचं कोठार. पेव उघडलं की सासूबाई दिवसभर कुणाला जवळ जाऊ द्यायच्या नाहीत. मग दोरीला पेटता कंदील बांधून आत सोडायचा. विझला तर माणूस उतरवायचा नाही. कोंडलेल्या धान्याची हवासुद्धा जीव घेते हे त्यांना शाळेत न जाता माहीत होतं. त्यात वर विषाची गोळी! ताई, सोमवार गेला, नळी परत केली का ते इथे कळवा, जीव लागून राहिलाय.

७२ च्या दुष्काळात त्या खडी फोडायला जात. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळे, कामावर सुकडी. मिलोची भाकरी थापताना चिरते आणि गार झाली की दगड होते असं म्हणायच्या. पुढे चांगले दिवस आले तरी त्या कोठीच्या तळाशी दोन शेर ज्वारी कायम ठेवायच्या, आणि नवी आली की ती आधी दळायला काढून तिच्या जागी नवी. आम्ही सुना हसायचो. जुनं खाली दबून राहिलं की तिथूनच पोरकिडे होतात हे मला माझ्या संसारात कळलं. कोठी भरताना तळ पुसून, जुनं वर.

पहिल्या_मजल्यावरची · २७ मे २०२५, संध्याकाळी ७.२०

नळी सोमवारीच कृषी कार्यालयात दिली. वहिनींच्या कोठीत गोळी पडली नव्हती, देवाची कृपा. त्यांना मी काकूंचा आणि दादांचा निरोप वाचून दाखवला. त्या घाबरल्या, मग माझ्या मुलीला जवळ घेऊन बसल्या.

तेलाचा डबा दुकानदाराने परत घेतला. तीन लिटरच्या पिशव्या दिल्या आणि उरलेल्या पैशांत डाळी आल्या. गहू वाळवून, एरंडेल लावून भरला. बादली दाराच्या मागे खुंटीवर आहे, मुलीला कडेवर घेऊन उचलून बघितली. इमारतीतल्या काकांनी जिन्यात खूण दाखवली. २१ साली पाणी आमच्या दारापासून पाच पायऱ्या खाली होतं. रात्री नवऱ्याने स्वतःहून भिंतीला फळ्या ठोकल्या.

पण आता दुसरंच झालंय. वीस तारखेपासून ऊनच नाही. पंचवीसला पाऊस कोकणात पोचल्याचं हवामान खात्याने सांगितलं, इतक्या लवकर! वहिनींबरोबर केलेले पोह्याचे पापड अर्धे ओले आहेत. आमसुलांसाठी चार किलो रातांबे घेतले होते, त्यांची सालं रसात बुडवून एकदाच वाळवली आणि आता चिकट झालीत. टाकून द्यायचे का? आणि ते दहा किलो मीठ तसंच पडलंय.

वाशिष्ठीकाठ · २७ मे २०२५, रात्री ९.४०

टाकू नको गं. आमच्या सगळ्या वाडीची हीच गत आहे यंदा. मच्छीवाल्या बाईंची सुकट ओट्यावरच भिजली, त्यांचं नुकसान तुझ्या-माझ्यापेक्षा मोठं आहे.

पापडांचा वास घे. आंबूस नसेल, बुरशीचा ठिपका नसेल तर सुती चादरीवर पंख्याखाली दोन रात्री राहू दे, दर तीन तासांनी उलट. मग एकेक तव्यावर मंद आचेवर फिरवून आठ दिवसांत संपव, साठवायला ते आता भरवशाचे नाहीत. पीठ उरलं असेल तर त्याच्या लाट्या करून तेलाबरोबर सासऱ्यांना दे, दोनच दे.

आमसुलं वाळायची नाहीत आता. बुरशी नसेल तर त्याचं आगळ कर, त्याला ऊन लागत नाही. काचेच्या कोरड्या बरणीत सालांचा थर, मिठाचा थर. किलोला पाव किलो मीठ. जाडं असतं तर बरं, पण तुझं बारीकही चालेल, ते दहा किलो असं तरी कामी येईल. रोज एकदा लाकडी डावाने हलव. सात-आठ दिवसांत लालभडक रस सुटेल, तो गाळून बाटल्यांत भर. पावसाळाभर सोलकढीला होईल आणि सालं आमटीत. बरणी गळ्यापर्यंत भरू नको, रस वर चढतो.

उद्या बाजारात रातांबे दिसले तर मला निरोप कर. माझ्यासाठीही दोन किलो घे, माझी बरणी रिकामीच आहे.